भाऊ म्हणतो अमेरिकन गाडी घे. पण ब्लोअर फिरवणार कोण?

प्रश्न असा आला होता: ‘कवठेमहांकाळ तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आणि दोन एकर डाळिंब. खालचा तुकडा काळा, वरचा मुरमाड आणि चढाचा. आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात आहे. तिकडच्या द्राक्षबागांत त्या चार चाकांच्या, उघड्या, मागं हौदा असलेल्या गाड्या फिरतात. ट्रॅक्टरपेक्षा सुटसुटीत, त्यातलीच एक घेऊ, असं तो म्हणतो. पोलारिस, कॅन-ॲम, होंडा, कुबोटा, जॉन डिअर यांत सोयी, टिकाऊपणा आणि किंमत बघता कुठली घ्यावी? बजेट आठ लाख.’

तासगावात तेवीस वर्षं मी बागेतले छोटे ट्रॅक्टर आणि ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध फवारणारी यंत्रं, दुरुस्त करतोय. उत्तर आधीच सांगून टाकतो: या पाचांतली एकही घेऊ नका. आठ लाखांत फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं ब्लोअर, दोन्ही बसतं. पण तुम्ही तुलना विचारलीय आणि भावाला पटवायचंही तुम्हालाच आहे, म्हणून नीट सांगतो.

भावानं त्या गाड्या बागेत बघितल्या हे खरंच असणार. पण बागेत त्या काय करत होत्या, तेवढं त्याला विचारा. माणसं इकडून तिकडं नेत असतील, क्रेट वाहत असतील, ड्रिपच्या नळ्या टाकत असतील, नाहीतर मुकादम फेरी मारत असेल. फवारणी त्याही बागांत ट्रॅक्टरच करतो. कारण सरळ आहे, ट्रॅक्टरला मागं पीटीओ असतो. इंजिनची ताकद फिरत्या शाफ्टमधून मागच्या अवजाराला देणारी ती खुंटी. ब्लोअरचा पंखा आणि पंप तिच्यावर चालतात, माती भुसभुशीत करणारा रोटर तिच्यावर फिरतो. या गाड्यांना हौदा असतो, हूक असतो, पुढं विंच असते. पण ट्रॅक्टरसारखा मागं पीटीओ नसतो आणि अवजार उचलणारे तीन पॉइंटचे हात नसतात. फवारणीसाठी मिळतो तो हौद्यात ठेवायचा शंभरेक लिटरचा टँक आणि बॅटरीवरचा छोटा पंप. बांधावर तणनाशक मारायला तो ठीक. पंधरा पानांवर आलेल्या बागेत, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या दिवसांत, मांडवाच्या आतल्या पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवायचं तर हवेचा जोर लागतो, आणि तो जोर बारा व्होल्टच्या बॅटरीतून निघत नाही.

ताकद नाही असं मात्र समजू नका. पोलारिस रेंजर एक्सपी १००० चं इंजिन ९९९ सीसीचं, ८२ एचपीचं. कॅन-ॲम डिफेंडरचं एचडी १० इंजिनही तेवढ्याच एचपीचं. आपल्या बागेतला २७ एचपीचा ट्रॅक्टर त्यापुढं कागदावर पोरच दिसतो. पण ते ८२ एचपी चाकांसाठी आहेत, पळायला. ब्लोअरला पळायचं नसतं. त्याला एकाच सावकाश चालीत, एकाच फेऱ्यांवर तासन् तास फिरायचं असतं.

आता तुलना. या गाड्या मी नावावरून कधी पारखत नाही, गिअरबॉक्सवरून पारखतो. टिकाऊपणाचं निम्मं गणित तिथंच सुटतं. पोलारिस, कॅन-ॲम, जॉन डिअरच्या गेटर, कावासाकीच्या म्यूल या बहुतेकांत स्कूटरसारखी पट्ट्याची व्यवस्था असते: दोन पुली आणि मध्ये रबरी बेल्ट. गिअर टाकायची कटकट नाही, शिकायला सोपं, वेग झकास. पण कमी वेगात जड ओढ पडली की बेल्ट घसरतो, तापतो, जळतो. लो रेंज, म्हणजे सावकाश चालीचा जोराचा गिअर, टाकून चालवली तर बराच टिकतो. पण आपल्याकडं गाडी सहा जणांच्या हातातून जाते आणि लो रेंजची आठवण एकालाही राहत नाही. यामाहाच्या गाड्याही पट्ट्याच्याच, पण अमेरिकेत ती कंपनी बेल्टला दहा वर्षांची वॉरंटी देते, यावरून त्यांना त्याची खात्री किती ते कळतं. होंडानं पायोनियर १००० मध्ये बेल्ट काढूनच टाकला. दोन क्लचचा, खऱ्या गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे तो, आणि या पेट्रोल गाड्यांत मला तोच सगळ्यात जास्त पटतो.

कुबोटाची आरटीव्ही वेगळ्याच घराण्यातली. डिझेल इंजिन आणि तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. बेल्ट नाही, झटका नाही, वेग ताशी चाळीसच्या आसपास संपतो. गोगलगायीच्या चालीनंसुद्धा भार घेऊन चालते. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले तर तिच्यात जळण्यासारखं फारसं काही नाही. डिझेल मात्र गिअरच्या गाडीपेक्षा थोडं जास्त पिते. गंमत म्हणजे आरटीव्ही एक्स ११०० सी मधलं तीन सिलिंडरचं इंजिन ११२३ सीसीचं आहे, आणि आपल्याकडं बागेत फिरणाऱ्या कुबोटा बी २४४१ ट्रॅक्टरचं मापही तेच. म्हणजे भाऊ तिकडून ज्या गाडीचं कौतुक करतोय, तिच्याच मापाचं इंजिन तुमच्या शेजारच्या बागेत ब्लोअर ओढत असेल.

बेल्टचं एक प्रत्यक्ष सांगतो. पाचगणीकडं एका ओळखीच्या माणसानं पर्यटकांसाठी दोन क्वाड बाइक ठेवल्या होत्या. एका मे महिन्यात त्याचा फोन आला, ‘मिस्त्री, गाडी रेस होतीया पण जागची हलत न्हाई.’ गेलो. बाजूचं कव्हर काढलं तर आतून काळी भुकटी भसकन बाहेर आली, जळालेल्या रबराचा वास दुपारपर्यंत हाताला राहिला. बेल्टचे दोरे सुटून पुलीवर आवळले होते, शेवयांसारखे. चूक कंपनीची नव्हती. चढावर दोन दोन जाडजूड माणसं बसवून हाय रेंजमध्येच गाडी फिरवत होते. बेल्ट बदलणं तासाभराचं काम. बेल्ट यायला लागले सोळा दिवस, आणि सीझन गेला. द्राक्षबागेत पाऊस उघडल्यावर फवारणीला तुमच्याकडं सोळा तासही नसतात.

भारतात यातलं काय मिळतं तेही बघा. पोलारिस २०११ पासून आपल्याकडं आहे. २०२० मध्ये त्यांनी स्पोर्ट्समन ५७० ही क्वाड ट्रॅक्टर म्हणून पासिंग होईल अशा रूपात आणली, किंमत तेव्हा आठ लाखांच्या आत जेमतेम. कल्पना हुशारीची, पण ट्रॅक्टर म्हणून नोंद झाली म्हणून मागं पीटीओ उगवत नाही. बाकी बहुतेक गाड्या रस्त्यावर चालवायच्या नाहीत या अटीवरच विकल्या जातात. वस्तीवरून वरच्या तुकड्याकडं जाताना डांबरी रस्ता लागत असेल तर गाडी टेम्पोत घालून न्या! अमेरिकेत साधी मॉडेलं दहा-बारा हजार डॉलरपासून आहेत आणि केबिनवाल्या तीस हजारांच्या पुढं जातात. ती किंमत वाचून भाऊ हिशेब करत असेल तर त्याला सीमाशुल्क आणि कर धरायला सांगा. भावानं कंटेनरमधून पाठवायचा विचार तर मुळीच नको. आरटीओ नाही, विमा धड नाही आणि पार्ट मागवायचा कुठून?

एक जुनी गोष्ट जाता जाता. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून २०१५ मध्ये मल्टिक्स नावाची गाडी काढली होती, जयपूरला बनायची. माणसं बसवा, माल टाका, वर तीन किलोवॉटपर्यंत वीज घ्या, असा तिहेरी उपयोग. किंमत सव्वादोन लाखांच्या पुढं सुरू. छोटा शेतकरी आणि व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती गाडी होती, विचार चांगला होता. २०१८ मध्ये उत्पादन बंद झालं. ज्यांनी घेतली त्यांनी पुढं पार्ट शोधत फिरायचं.

मग या गाड्या कुणासाठी? महाबळेश्वर-पाचगणीकडं मोठ्या जागेचं रिसॉर्ट असेल, पाटणच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल असेल, पन्नास-शंभर एकराचं फार्म असेल आणि ट्रॅक्टर आधीच दोन असतील, तर तिसरी गाडी म्हणून जरूर घ्या. चार एकर बागेची पहिली गाडी म्हणून नाही.

आता मिनी ट्रॅक्टर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचे पैसे इथं जाणार आहेत.

पहिल्यांदा एचपीचा भ्रम. बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनचा. पीटीओवर येतो तो त्याहून कमी, आणि किती कमी ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. ब्लोअरला कामाचा तो दुसरा. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, अवजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता, वळणाची त्रिज्या सगळं मोजून दिलेलं असतं. विक्रेत्याकडं तो अहवाल मागा. ‘साहेब, तसलं कुणी विचारत नाही’ म्हणाला तर तुम्ही विचारा.

दुसरं वजन. माहितीपत्रकात लोक शेवटी बघतात, मी पहिल्यांदा बघतो. कुबोटा बी २७४१ साडेसहाशे किलोच्या आसपास. जॉन डिअर ३०२८ ईएन १०७० किलो. एचपी जवळजवळ सारखा, २७ आणि २८. काळ्या ओल्या रानात हलका ट्रॅक्टर कमी रुततो, बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा वरंबा, कमी दाबतो, मुळ्या सुखात राहतात. पण तुमचा वरचा तुकडा चढाचा आहे. सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर भरला की पाणी, टाकी, पंखा, चाकं धरून नऊशे किलोच्या घरात जातो. चढताना हलका ट्रॅक्टर कसाबसा ओढून नेतो. उतरताना मागचं वजन पुढच्याला ढकलतं. भरलेली बैलगाडी उतारावर बैलाच्या मानेवर येते ना, तसंच. बैल निदान पाय रोवतो. म्हणून हलका ट्रॅक्टर घेतलात तर चढाच्या तुकड्यात टाकी अर्धीच भरा, किंवा तीन पॉइंटवर उचलायचा दोनशे-तीनशे लिटरचा ब्लोअर घ्या. फेऱ्या वाढतील, वाढू देत. आणि उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी कधीही सोडू नका.

ब्रँडनिहाय माझं मत. कुबोटा बी २४४१ आणि बी २७४१: तीन सिलिंडरचं शांत इंजिन, अंगानं अरुंद, बुटका, मांडवाखाली बिनघोर शिरतो. पुढच्या ॲक्सलमध्ये जॉइंटऐवजी बेव्हल गिअर असल्यानं चाक भरपूर वळतं आणि ॲक्सलचं अंग बंद राहतं, चिखल आत जायला वाट कमी. बांधाकडची जागा अपुरी असेल तर हा पहिला बघावा. लिफ्ट ७५० किलोची, ती बागेला पुरते. किंमत वरच्या बाजूला, पण जुना विकतानाही भाव धरून राहतो.

महिंद्रा जिवो २४५: दोन सिलिंडर, १३६६ सीसी, २४ एचपी, लिफ्ट तीच ७५० किलो. दोनच सिलिंडर, त्यामुळं थरथर जरा जास्त जाणवते, पण कमी फेऱ्यांवर ओढ चांगली आणि पीटीओला दोन वेग. आपल्या भागात कुठल्याही गावात त्याच्या इंजिनला हात घालणारा मिस्त्री सापडतो, हा गुण माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. महिंद्राचीच ओजा मालिका १५ ऑगस्ट २०२३ ला आली, जपानच्या मित्सुबिशी महिंद्राबरोबर घडवलेली. तिच्यातली २१२७ बागेच्या कामाची. पुढं बारा आणि मागं बारा गिअर, गिअरची झटापट न करता एका लिव्हरनं पुढं-मागं करणारा शटल. ओळीच्या टोकाला वळताना दिवसात दोनशे वेळा पुढं-मागं करणाऱ्या माणसाच्या हाताला विचारा, शटलची किंमत काय ते. त्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे, त्याबद्दल खाली सांगतो.

स्वराज टार्गेट ६३० ही २०२३ मध्येच आली, २९ एचपी, लिफ्ट ९८० किलो. उचलायचा मोठा ब्लोअर किंवा जड रोटर वापरणाऱ्यानं ही बघावी. व्हीएसटीचा २७ एचपीचा विराट चार सिलिंडरचा, त्यामुळं चालायला गुळगुळीत. बंगळूरची ही कंपनी पॉवर टिलरवाली, लहान यंत्रं हाच तिचा मूळ धंदा. जॉन डिअर ३०२८ ईएन वजनदार, धट्टाकट्टा, चढावर भरवशाचा. पण तुमच्या ओळी आठ फुटांच्या असतील तर वळताना मांडवाच्या लोखंडी अँगलला घासेल, नऊ-दहा फुटांच्या असतील तर उत्तम. तुमच्यासाठी मी यातले दोनच समोर ठेवीन, कुबोटा बी २७४१ आणि ओजा २१२७. चढाचा तुकडा खूपच खडा असेल तरच जॉन डिअर.

फोर बाय फोर घ्यायचाच. इथं पैसे वाचवू नका. २०१९ च्या ऑक्टोबरात जो परतीचा पाऊस झाला तो तुम्हालाही आठवत असेल. पलूसकडच्या एका बागेत रात्री साडेनऊला मला बोलावलं. टू व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर, मागं भरलेला ब्लोअर, बांधाकडच्या वळणावर मागची चाकं ॲक्सलपर्यंत काळ्या चिखलात. मालकानं चाकाखाली बाभळीच्या फांद्या घातल्या, पोती घातली, शेवटी घरातली सतरंजीसुद्धा घातली. चाक फिरत होतं, सतरंजी लगद्यासारखी मागं फेकली जात होती. मी जाऊन केलं काय, तर टाकीचा कॉक उघडून चारशे लिटर औषधाचं पाणी सोडून दिलं आणि शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून काढला. औषध गेलं त्याचं त्याला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस, तिसऱ्या दिवशी घडांवर डाऊनी. टू व्हील घेऊन त्यानं लाखभर रुपये वाचवले होते.

पण फोर बाय फोर समजून वापरा. पुढची चाकं मागच्यापेक्षा मुद्दाम किंचित जास्त पळतील अशीच गिअरची रचना असते, म्हणजे मातीत ती गाडीला ओढतात. डांबरी रस्त्यावर ते जास्तीचं पळणं मुरायला जागा नसते. मग टायर घासतात आणि गिअर ताणले जातात. रस्त्यावर आलात की फोर बाय फोरची लिव्हर बंद करा. आणि टायर बदलताना मागचे वेगळ्या मापाचे बसवू नका. एकानं ‘जरा उंच दिसतोय’ म्हणून मागं मोठे टायर घातले, आणि दीड महिन्यात पुढच्या ड्राइव्हचा गिअर दात पाडून माझ्या टेबलावर. कुठलाही ब्रँड असता तरी हेच झालं असतं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर तेवीस वर्षांत इंजिन फेल झालेले मिनी ट्रॅक्टर मी थोडे बघितले. बाकी सगळं बारीकसारीक गोष्टींनी मारलंय. पहिली सुतळी. काड्या बांधायची सुतळी, प्लॅस्टिकची दोरी ओळीत पडलेली असते. ती पुढच्या चाकाच्या हबला गुंडाळते, आतल्या सीलपर्यंत जाते, तापते, सील कापते. तिथून तेल बाहेर आणि पाणी आत. पुढच्या ॲक्सलचं तेल सोडल्यावर ते ताकासारखं पांढरट आलं की मी मालकाला काही न बोलता हबजवळचा सुतळीचा गोळा सुरीनं कापून हातात देतो. आठवड्याला एकदा खाली वाकून बघा, पाच मिनिटांचं काम.

दुसरं रेडिएटर. गंधकाची धूळ, पानं, औषधाचा चिकटपणा जाळीवर बसतो आणि मांडवाखाली वारा मुळातच कमी. गाडी तापते. जाळी रोज झटका. एअर फिल्टर मात्र कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब लावून मारू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि जत-कवठेमहांकाळची धूळ थेट सिलिंडरमध्ये. तिसरं बोर्डो, मोरचूद-चुन्याचं औषध. मोरचूद लोखंड खातं, तांब्याच्या जोडण्या हिरव्या करतं. फवारणी झाली की ट्रॅक्टर साध्या पाण्यानं धुवा, पण वायरींच्या जोडण्यांवर जोराचा फवारा नको. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल वर म्हणालो ते हेच. सेन्सर आणि स्विच जितके जास्त, तितकी ही धुण्या-पुसण्याची शिस्त जास्त लागते. तुमच्या घरात ती शिस्त असेल तर शटल, इलेक्ट्रॉनिक पीटीओ या सोयी सुखाच्या आहेत. ट्रॅक्टर रात्री जिथल्या तिथं उभा राहत असेल तर साधी लिव्हरवाली गाडी घ्या.

सायलेन्सर कुठं तोंड काढतो तेही बघून घ्या. वर काढलेला असेल तर मांडवाची पानं आणि घड करपतात. बागेला खाली किंवा बाजूला सोडलेलाच हवा. गाडी उलटली तर वाचवणारा डोक्यावरचा रोल-बार दुमडता येतो का तेही विचारा, मात्र चढाच्या तुकड्यात तो उभा ठेवा आणि पट्टा लावा.

पार्टचं म्हणाल तर कंपनी धंद्यात राहील का, हाही टिकाऊपणाचाच भाग. फोर्स मोटर्सनं ट्रॅक्टरचा व्यवसाय ३१ मार्च २०२४ ला थांबवला. त्यांचे ऑर्चर्ड मिनी चालतायत अजून, पण जुना स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून घेऊ नका. डीलर सांगलीत आहे की मिरजेत यापेक्षा त्याच्याकडं कप्प्यात काय पडलंय ते बघा. शोरूममध्ये एसीत बसून चहा घेऊ नका. सरळ पार्टच्या काउंटरला जा आणि पुढच्या हबचं ऑइल सील, क्लच प्लेट आणि पाण्याच्या पंपाची किट मागा. तिन्ही कप्प्यातून निघाले तर चहा घ्या.

किंमत. ओजा २१२७ बाजारात आला तेव्हा पुण्यात एक्स-शोरूम ५,६४,५०० होता, टार्गेट ६३० सव्वापाच लाखांच्या वर. त्यानंतर दर हलले, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी पाच लाखांच्या गाडीवर थेट पस्तीस हजारांचा फरक. कोटेशन घेताना करापूर्वीची किंमत वेगळी लिहून मागा, म्हणजे कपात तुमच्यापर्यंत आली का ‘ॲक्सेसरीज’मध्ये विरघळली ते कळेल. अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय गाडी उचलू नका. डीलर ‘घेऊन जा, कागद मागून करू’ म्हणतो. मागून होत नाही. ट्रॅक्टरला साडेपाच-सहा आणि ब्लोअरला दीड-दोन धरलेत तर आठ लाखांत तुमचं बसतं. ब्लोअर ट्रॅक्टरच्या आधी ठरवा. त्याच्या पंख्याला किती पीटीओ एचपी लागतो ते त्याच्या कारखान्याकडून लिहून घ्या, मग ट्रॅक्टर निवडा. लोक उलटं करतात आणि मग ब्लोअर पूर्ण फेऱ्यांवर चालवला की गाडी धापा टाकते.

सेकंडहँड घेणार असाल तर नदीकाठच्या गावातला ट्रॅक्टर जपून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेले ट्रॅक्टर रंग मारून फिरतायत. सीटखालची वायर उचलून बघा, नळीच्या आत वाळलेला गाळ असतो. रंगवणारा तिथपर्यंत जात नाही.

आता एक काम करा. टेप घ्या आणि ओळीच्या शेवटच्या अँगलपासून बांधापर्यंतचं अंतर मोजा, सगळ्यात अरुंद जागी, ताणाची तार आणि दगड धरून. दोन ओळींमधलं अंतर आणि मांडवाची उंचीही लिहा. बांधाकडं बारा फूट किंवा जास्त भरलं तर कुबोटा आणि ओजा या दोन्हींपैकी कुठलाही घ्या, ओढायच्या ब्लोअरसकट. दहाच्या खाली भरलं तर ओढायचा ब्लोअर विसरा, उचलायचा घ्या आणि कुबोटाच बघा. आणि डेमो शोरूमच्या अंगणात नको. तुमच्या काळ्या तुकड्यात, आदल्या रात्री पाणी देऊन, टाकी काठोकाठ भरून मागा.